ओढ्यातल्या चिलटांच्या अळ्या पाहायला २०–४० पट स्टिरिओ मायक्रोस्कोप: कुठे खरा उतरतो, कुठे कमी पडतो

नाशिकमध्ये शाळेसाठी किंवा निसर्गमंडळासाठी मायक्रोस्कोप घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती पट हवा?" आणि समोर येतो हजार पटीचा, एका नळीचा. तुम्हाला ओढ्यातले कीटक पाहायचे असतील तर तो परत ठेवायला सांगा. त्याच्या सगळ्यात छोट्या भिंगातूनही ४० पट दिसतं हे खरं, पण प्रकाश खालून येतो, म्हणून पाच मिलिमीटरच्या जाड अळीची नुसती काळी सावली दिसते. शिवाय प्रतिमा उलटी असते. चिमटा डावीकडे नेला की तो उजवीकडे जाताना दिसतो, आणि अळी उलटीपालटी करणं अशक्य होऊन बसतं.

या कामाला हवा दोन आयपीसचा, म्हणजे डोळा लावायच्या दोन भिंगनळ्यांचा स्टिरिओ. आम्ही तपासला तो अंबाला बनावटीचा साधा नमुना: १० पटीचे दोन आयपीस, खाली २ आणि ४ पटीची फिरवायची भिंगं, म्हणजे एकूण २० आणि ४० पट. वर एक दिवा, खाली एक दिवा, एक दुधी काच आणि एक काळी-पांढरी दुतोंडी चकती. आयपीसवर २० मिलिमीटरचं क्षेत्र असेल तर २० पटीला १० मिलिमीटर आणि ४० पटीला ५ मिलिमीटर रुंदीचा भाग दिसतो. हा हिशोब दुकानातच पट्टी ठेवून करून पाहा, कारण काही आयपीसचं क्षेत्र अरुंद असतं आणि मग मोठी अळी एका वेळी पूर्ण दिसत नाही.

जुळवणी अशी करायची. आधी दोन आयपीसमधलं अंतर डोळ्यांप्रमाणे जवळ-लांब करून दोन गोल एकच होऊ द्या. मग ज्या आयपीसला फिरणारी कडी नाही, त्यातून एकाच डोळ्याने मोठ्या नॉबने फोकस करा. नंतर दुसऱ्या डोळ्यासाठी नॉबला हात न लावता फक्त कडी फिरवा. बहुतेक जण ही कडी विसरतात, दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं आणि दोष यंत्राला दिला जातो.

आता खरी परीक्षा. पहिले नमुने इथलेच: कायरोनोमिड, म्हणजे संध्याकाळी दिव्याभोवती घोंघावणारी, डासासारखी दिसणारी पण न चावणारी चिलटं. नाशिकच्या नासर्डी नदीच्या काळ्या गाळात लाल अळ्या मिळतात. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून कमी प्राणवायूच्या पाण्यातही त्या तग धरतात. पहिने किंवा त्र्यंबकच्या बाजूला वाहत्या ओहोळातल्या दगडावरच्या अळ्या बहुधा फिकट हिरवट-पिवळ्या आणि बारीक असतात. २० पटीला दोन्हींचं अंग स्वच्छ दिसतं: कडक कवचाचं डोकं, छातीचे तीन आणि पोटाचे नऊ खंड, डोक्यामागे आखूड पायांची एक जोडी आणि शेपटीकडे दुसरी, टोकाला केसांचे दोन झुबके. लाल अळीच्या शेपटीजवळ, पोटाखाली लोंबणाऱ्या मऊ नळ्या ४० पटीला ओळखता येतात. काळी चकती वापरा. पांढऱ्यावर फिकट अळ्या हरवतात.

इथपर्यंत यंत्र चोख आहे.

दुसरी परीक्षा डोंगरी नदीतल्या खऱ्या पट्टीच्या चिलटांची. आपले सह्याद्रीचे बहुतेक ओहोळ पावसाळ्यानंतर आटतात, तेव्हा यासाठी स्पिरिटमध्ये ठेवलेले हिमालयातले नमुने घेतले. त्यातलं एक घराणं ब्लेफारिसेरिडी. यांच्या अळ्या धबधब्याच्या धारेतल्या गुळगुळीत कातळावर राहतात आणि दगडावरचा डायटमचा (सूक्ष्म शैवालाचा) बुळबुळीत थर खरवडून खातात. डोकं, छाती आणि पोटाचा पुढचा भाग एकजीव होऊन एक मोठा तुकडा बनलेला असतो, त्यामागे लहान तुकडे, आणि पोटाखाली मधोमध एका ओळीत सहा चूषक, म्हणजे शोषून चिकटणाऱ्या वाट्या. प्रत्येक वाटीत मध्यभागी दट्ट्यासारखा भाग असतो. स्नायूंनी तो आत ओढला की वाटी कातळाला घट्ट बसते. याच घराण्यातल्या होराइया या प्रजातीचं (जीनसचं) नाव भारतीय प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांच्यावरून पडलं आहे. डोंगरी धारांतल्या प्राण्यांवर होरांनी केलेलं काम आजही मोलाचं आहे.

दुसरं घराणं ड्यूटेरोफ्लेबिइडी, त्यातली प्रजाती ड्यूटेरोफ्लेबिया. तिची पहिली जाती, ड्यूटेरोफ्लेबिया मिराबिलिस, ब्रिटिश कीटकतज्ज्ञ एडवर्ड्स यांनी १९२२ मध्ये काश्मीरच्या नमुन्यांवरून वर्णिली. चूषक नाहीत, त्याऐवजी पोटाच्या पहिल्या सात खंडांना बाजूला पसरलेल्या सात जोड्या पाय, प्रत्येकाच्या टोकाला बारीक आकड्यांच्या रांगा. डोक्यावरच्या मिशा दुभंगलेल्या. प्रौढ नराच्या मिशा अंगाच्या लांबीच्या कितीतरी पट असतात, तोंडाचे भाग कामाचे राहिलेले नसतात, आणि तो काही तासच जगतो.

चूषक आणि आकडे दिसणं ही या यंत्राची कसोटी. यात गडबड होते ती वरच्या दिव्यामुळे. तो मागून आणि वरून येतो, ओल्या अंगावर पांढरी चकाकी उठते, आणि वाटीची खोली सपाट होऊन जाते. उपाय सोपा. वरचा दिवा बंद करा. वाकवता येणाऱ्या मानेचा वाचनाचा एलईडी दिवा डावीकडून, टेबलाला साधारण ३० अंशांवर लावा आणि त्याच्यापुढे ट्रेसिंग पेपर धरा. नमुना पाण्याबाहेर ठेवू नका. पेट्री डिशमध्ये, म्हणजे उथळ काचेच्या बशीत, पाच मिलिमीटर पाण्याखाली बुडवा, चकाकी जाते. अळी उताणी राहत नाही म्हणून तळाशी धुतलेली बारीक वाळू पसरा आणि तिच्यात अळी टेकवा. एवढं केलं की २० पटीलाच सहाही वाट्या कडांच्या सावलीसकट उठून दिसतात. ड्यूटेरोफ्लेबियाचे पाय २० पटीला, तर आकड्यांची तपकिरी झालर ४० पटीला दिसते. एकेक आकडा मोजता येत नाही.

कोषही याच प्रकाशात पाहण्यासारखा आहे. ब्लेफारिसेरिडीचा कोष वरून ढालीसारखा फुगीर, खालून सपाट आणि दगडाला चिकटलेला, पुढे श्वासाच्या पातळ पापुद्र्यांची जोडी. आतल्या चिलटाचे पंख पूर्ण वाढून घडी घातलेले असतात, म्हणून पृष्ठभागावर येताच ते उडू शकतं. त्या घड्यांच्या खुणा पंखांवर कायम जाळीसारख्या राहतात. वाळलेला पंख दुधी काचेवर ठेवून खालचा दिवा लावला तर ही जाळी फार सुरेख दिसते. खालच्या दिव्याचा उत्तम उपयोग हाच.

तिसऱ्या परीक्षेत यंत्र नापास, आणि ते विकत घेण्याआधीच माहीत असावं. कायरोनोमिड प्रजातीपर्यंत ओळखायला डोक्याच्या खालच्या बाजूची दातेरी पट्टी, मेंटम, पाहावी लागते. त्यासाठी डोकं कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पारदर्शक होऊ द्यायचं, धुवायचं, खालची बाजू वर करून काचपट्टीवर बसवायचं आणि ४०० पटीला पाहायचं. म्हणजे तो नळीवाला इथे लागतोच. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो असतो. दुसरा विकत घेऊ नका.

यंत्राचे दोष आणखी दोन. जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब असलेला नमुना डिशमधलं पाणी तापवतो. थंड ओहोळातली जिवंत अळी अशा पाण्यात गुदमरते आणि आकसून निपचित पडते. एलईडीचाच घ्या. दुसरं म्हणजे फोकसचा दांडा: मापाला बसलेला नसेल तर यंत्राच्या डोक्याचा भाग स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकतो. दुकानात ४० पटीला फोकस लावून पाच मिनिटं हात न लावता ठेवा. चित्र पुसट झालं तर नॉबच्या दोन्ही टोकांना उलट दिशांनी पिळून ताण वाढवता येतो का ते विचारा. नसेल तर तो नमुना घेऊ नका.

अळ्या गोळा करायला बरोबर काय लागेल, तेही सांगतो. जाळी २५० मायक्रॉनची, म्हणजे पाव मिलिमीटर छिद्रांची हवी. ५०० मधून लहान अळ्या निसटतात. प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाळी टेकवून तिच्यापुढचे दगड पायाने अर्धा मिनिट ढवळले की कायरोनोमिड येतात. चूषकवाल्या मात्र ढवळून सुटत नाहीत. त्या बाजूने सरकत चालतात, म्हणून मऊ ब्रश अंगाच्या कडेने घालून उचलाव्या लागतात. चिमट्याने ओढल्या तर फाटतात. नमुने ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ते बदला, कारण अळीच्या अंगातलं पाणी मिसळून ते पातळ होतं. शाळेला औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट चालतं. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका. पेनाची शाई विरघळते. अंजनेरी राखीव क्षेत्र आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नका. आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना धारेत उतरवू नका; शेवाळलेला बसाल्ट पाय घसरवतो आणि वर पाऊस झाला की पाणी मिनिटांत चढतं.

दहा हजारांच्या आसपासच्या खर्चात दहावी ते पदवीच्या मुलांना एवढं दाखवणारं दुसरं साधन नाही. शाळांनी जरूर घ्यावा. एकट्या हौशी माणसाने आधी २० पटीचं चांगलं हातभिंग वापरून पाहावं. घेतलाच तर पहिल्या दिवसापासून हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्यांचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे होईपर्यंत वाळवा, पण तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. नाशिकच्या पावसाळ्यात उघड्या कपाटातल्या भिंगांवर बुरशीचे तंतू धरतात, आणि ते एकदा आतल्या काचेवर गेले की साफसफाईचा खर्च नव्या भिंगाच्या घरात जातो.