घरच्या लिफ्टला परवाना लागत नाही, असं सांगणाऱ्यापासून जपा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. परभणीत घर आहे. खाली मुलाचं दुकान, वरच्या दोन मजल्यांवर आम्ही. हिचे दोन्ही गुडघे गेले, डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितला, तेव्हा ग्रॅच्युइटीतले राखून ठेवलेले पैसे लिफ्टला लावायचं ठरवलं. त्यातले सात लाख गेले. आपल्याकडे आता बऱ्याच घरांत लिफ्टची चौकशी चालू आहे, म्हणून हे लिहितोय.

लिफ्टवाल्याला माझाच एक जुना विद्यार्थी घेऊन आला होता. त्यामुळे मी फार खोलात गेलो नाही. त्याने टेप लावून मापं घेतली, मोबाइलवर फोटो दाखवले. परवानगीचं काय, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, "गुरुजी, परवाना अपार्टमेंटच्या लिफ्टला लागतोय. घरच्याला काय लागतंय? उगं कशाला हापिसात चकरा मारायलात?"

मी गप्प बसलो. पुढचं सगळं त्या गप्प बसण्यातून झालं.

महाराष्ट्रात लिफ्टचा कायदा १९३९ पासून आहे, त्याच्या जागी २०१७ चा नवा कायदा आला. लिफ्ट बसवण्याआधी परवानगी आणि वापरण्याआधी तपासणी होऊन परवाना, असा नियम आहे. घर स्वतःचं आहे म्हणून त्यातून सुटका नाही. हे मला विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात गेल्यावर कळलं, तेही सगळं उरकल्यावर. त्या माणसाला मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. तपासणीला अधिकारी आले असते, तर त्याने आणलेलं यंत्र पाच मिनिटांत उघडं पडलं असतं.

कोटेशन एका पानाचं होतं. चार माणसांची, २७२ किलोची, तीन थांब्यांची लिफ्ट, 'सर्व सेफ्टीसह', ६,६०,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी. मोटर कुठल्या कंपनीची, लिफ्ट चालवणारा कंट्रोलर कुठला, केबिन ज्यावरून सरकते ती रेल कुठली, काही लिहिलेलं नव्हतं. 'सर्व सेफ्टी' म्हणजे काय काय, तेही नाही. साठ टक्के आगाऊ घेतले, माल आल्यावर आणखी तीस. माल रात्री टेम्पोतून उतरला. बिल मागितलं की "काम झाल्यावर एकदमच देतो."

खड्डा आमच्याच गवंड्याकडून खणून घ्यायला लावला. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत लिफ्टचा खड्डा म्हणजे चारी बाजूंनी आरसीसी आणि नीट वॉटरप्रूफिंग हवं. त्याने विटांचं बांधकाम चालेल म्हणून सांगितलं. जुलैत खड्ड्यात गुडघाभर पाणी साचलं, केबिन खाली आदळू नये म्हणून असलेला बफर आणि तिला शेवटी थांबवणारा लिमिट स्विच पाण्यात. फोन केला तर, "खड्डा तुम्ही केला, माझा संबंध नाही."

ऑगस्टमधल्या एका दुपारी वीज गेली आणि ही दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. वीज गेल्यावर बॅटरीवर जवळच्या मजल्याला आणून दार उघडणारी व्यवस्था असते, तिला एआरडी म्हणतात. त्याचे पैसे मी दिले होते. डबा भिंतीवर होता, आत बॅटरीच नव्हती. चाळीस मिनिटं ही आत, अंधारात. मला हाक मारत होती आणि मी बाहेरून नुसतं "आलोच, आलोच" म्हणत होतो. शेवटी नांदेडच्या एका मेकॅनिकला फोनवर विचारत मुलाने वर जाऊन ब्रेक सोडला, हाताने चाक फिरवलं आणि केबिन मजल्याला आणली. (अर्धवट अडकलेल्या केबिनमधून माणसाला ओढून काढू नका. त्यात जीव जातात.)

तोच मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येऊन सगळं बघून गेला. मोटर जुनी होती, वरून नवा रंग, नंबरपट्टी घासलेली. पण मला ज्याने झोप लागली नाही ते वेगळं. केबिन जास्त वेगाने खाली आली तर गव्हर्नर तो वेग ओळखतो, त्याचा दोर सेफ्टी गिअर खेचतो आणि केबिन रेलला घट्ट धरली जाते. आमच्याकडे गव्हर्नरची चकती वर बसवलेली होती. तिचा दोर खाली कशालाच जोडलेला नव्हता. तीन महिने ही रोज त्यातून वर-खाली करत होती.

लिफ्टवाल्याचा जीएसटी क्रमांक मुलाने पोर्टलवर टाकून बघितला. आमचा व्यवहार होण्याआधीच तो रद्द झालेला. एक मिनिटाचं काम होतं, आगाऊ रक्कम देण्याआधी करता आलं असतं.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. दिलेली रक्कम पाच ते दहा लाखांच्या मधली असेल तर तिथली फी फक्त २०० रुपये आहे आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. माझ्याकडे पक्कं बिल नाही. बँकेतून पाठवलेल्या रकमांच्या नोंदी, ते एक पानी कोटेशन आणि व्हॉट्सॲपवरचे त्याचे निरोप, एवढाच पुरावा जोडता आला. रोखीने दिले असते तर तेही नसतं.

लिफ्टचा मेन स्विच बंद करून त्याला मी कुलूप लावलंय. मुलाने दुकानामागची गोदामाची खोली रिकामी केली, हिची कॉट खाली आणली. नव्या कोटेशनसाठी दोघांना बोलावलंय. पहिल्याने परवान्याचा अर्ज कोण करणार हे मी विचारायच्या आधीच सांगितलं, आणि माझ्याकडे घराचा मंजूर नकाशा मागितला.