आधी स्वतः लिहा, मग इतरांचे वाचा: मूडलमधील प्रश्नोत्तर चर्चेचे परीक्षण

वर्गात प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक उत्तराची किती वेळ वाट पाहतो? मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने १९७०च्या सुमारास विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासून हा वेळ मोजला, तेव्हा तो साधारण १ सेकंद भरला. तोच वेळ ३ सेकंदांपर्यंत वाढवल्यावर मुलांची उत्तरे लांबली, निरुत्तर राहण्याचे प्रसंग कमी झाले आणि मागे पडणारी मुलेही बोलू लागली, असे त्यांना आढळले. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीतील लेखी चर्चेची सोय विज्ञान शिकवताना मी नियमितपणे वापरते आणि तिचे परीक्षण करताना मी हीच कसोटी लावली आहे: विचार करायला लागणारा हा वेळ ती मुलांना खरोखर मिळवून देते का?

मूडल हे मार्टिन डुगियामस यांनी ऑस्ट्रेलियात तयार केलेले मुक्त सॉफ्टवेअर असून त्याची १.० ही आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये आली. इतरांना दाखवण्यासाठी, समजावण्यासाठी काही घडवताना माणूस अधिक शिकतो, या विचारातून ते आकाराला आल्यामुळे चर्चा हा त्याचा मूळचा भाग आहे. चर्चेचे अनेक प्रकार त्यात आहेत, पण माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रकार प्रश्नोत्तर चर्चेचा. यात शिक्षक प्रश्न मांडतो आणि विद्यार्थ्याने स्वतःचे उत्तर लिहीपर्यंत त्याला इतरांची उत्तरे दिसत नाहीत. लिहिल्यावरही ती लगेच उघडत नाहीत. पोस्ट दुरुस्त करण्याची मुदत, जी सहसा ३० मिनिटांची असते, ती आधी संपावी लागते, त्यामुळे हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाचे वाचून आपले उत्तर बदलण्याची सोय उरत नाही.

या छोट्याशा अडसराने काय घडते, ते एका उदाहरणावरून सांगते. एकाच खोलीत रात्रभर ठेवलेली लोखंडी पट्टी लाकडी पट्टीपेक्षा हाताला गार का लागते, असा प्रश्न मी विचारला होता. वर्गात हाच प्रश्न विचारला की पहिला हात वर करणारा ‘लोखंड थंड असते’ म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात. इथे प्रत्येकाला एकट्याने उत्तर द्यायचे होते. तासाला क्वचितच तोंड उघडणाऱ्या एका विद्यार्थिनीने दुसऱ्या दिवशी लिहिले, की तिने दोन्ही पट्ट्यांना थर्मामीटर लावून पाहिला, तापमान सारखेच निघाले, ‘मग माझा हात नेमके काय मोजतो?’ माझ्या प्रश्नापेक्षा तिचा प्रश्न सरस होता. पुढची सगळी चर्चा त्याच्यावर झाली आणि धातू हातातली उष्णता झपाट्याने वाहून नेतो, हा मुद्दा मुलांनी एकमेकांच्या आधाराने स्वतःच गाठला. तोंडी तासात तिला पट्ट्या शोधून तापमान मोजायला वेळच मिळाला नसता.

मात्र ही सोय शिक्षकाचे काम करत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. सुरुवातीला एकदा चर्चा उघडताच मी सविस्तर खुलासा लिहून टाकला. त्यानंतर आलेल्या बहुतेक पोस्टमध्ये ‘सहमत आहे’ यापलीकडे काही नव्हते. आता मी पहिले दोन दिवस उत्तर देत नाही, आणि दिले तरी ‘हे कशावरून म्हणतोस?’ एवढेच विचारते. प्रश्नाची निवडही तितकीच महत्त्वाची ठरते, कारण ज्याचे उत्तर पुस्तकातल्या एका ओळीत सापडते, त्यावर चर्चा घडवण्याचा आग्रह धरला तर मुले तीच ओळ उतरवून देतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

उणिवाही आहेत. दुरुस्तीची मुदत संपूर्ण साइटसाठी एकच असते. ती एका चर्चेपुरती बदलणे शिक्षकाच्या हातात नसून ॲडमिनकडे जावे लागते. उत्तर पाठवल्यावर अर्धा तास इतरांची उत्तरे दिसत नाहीत, तेव्हा आपले उत्तर पोहोचलेच नाही, असे नवख्या मुलांना वाटते, म्हणून ही गोष्ट सूचनेतच लिहावी. प्रत्येक पोस्टची ईमेल येऊ लागली की मुले सगळ्याच ईमेलकडे दुर्लक्ष करतात. त्यावर दिवसाच्या पोस्ट एकत्र पाठवणारा पर्याय आहे, तो सुरुवातीलाच निवडायला सांगावा. उलट मोबाइल ॲपमध्ये इंटरनेट नसतानाही उत्तर लिहून ठेवता येते आणि जोडणी मिळाल्यावर ते पाठवले जाते, ही सोय मला फार महत्त्वाची वाटते. थेट बोलण्यासाठी बिगब्लूबटन ही व्हिडिओवर ऑनलाइन तास घेण्याची सोय २०२२च्या ४.० आवृत्तीपासून मूडलमध्येच मिळते. ती ठीक आहे, पण तिथे पुन्हा चटकन बोलणाऱ्यांचीच सरशी होते.

शिक्षकाने एकाच विद्यार्थ्याला खासगी उत्तर देण्याच्या सोयीचा उल्लेख राहू नये. चुकलेल्या मुलाला सर्वांसमोर दुरुस्त न करता मी त्याला खासगीत ‘पट्टी हातात धरून पुन्हा बघ’ असे लिहू शकते, आणि तो स्वतःच सर्वांसमोर आपले म्हणणे सुधारून मांडतो. मोठ्या वर्गाला लिहिते करू पाहणाऱ्या शिक्षकांना मी ही प्रश्नोत्तर चर्चा आवर्जून सुचवेन. आठवड्याला एकच प्रश्न आणि मुलांचे प्रत्येक उत्तर वाचण्याची तयारी, एवढ्यावर सुरुवात करता येते.