एएमई (विमान देखभाल अभियंता) होण्यासाठी संस्था निवडताना: केवळ कार-147ची मान्यता, की सोबत युरोपच्या पार्ट-147चीही?

विमान देखभाल शिकवणाऱ्या संस्थांना मान्यता देण्याचे दोन नियम, म्हणजे डीजीसीएचे (आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) कार-147 आणि ईआसाचे (युरोपच्या विमान सुरक्षा यंत्रणेचे) पार्ट-147, शेजारी ठेवून वाचले, तर आपला नियम युरोपच्या नियमावरून बेतलेला आहे, हे पहिल्या दोन पानांतच लक्षात येते. कलमांचे क्रमांकसुद्धा बहुतेक ठिकाणी जुळतात. बी-1.1साठी (टर्बाइन इंजिनाच्या विमानांच्या यांत्रिक देखभालीच्या परवान्यासाठी) 2400 तासांचा अभ्यासक्रम, त्यातील 50 ते 60 टक्के वेळ सिद्धान्ताला आणि उरलेला प्रात्यक्षिकाला, वर्गात जास्तीत जास्त 28 विद्यार्थी आणि प्रात्यक्षिकाला एका पर्यवेक्षकामागे 15, ही चौकट दोन्हीकडे सारखीच आहे. म्हणून यंदा भाचा बारावी झाल्यावर आमच्या दाजींनी फोन करून विचारले की यातला कोणता नियम जास्त कडक, तेव्हा मी त्यांना सांगितले की कागदावर पाहिले तर दोन्ही जवळपास सारखेच आहेत आणि फरक शोधायचा असेल तर तो दुसरीकडे आहे.

ही निवड मी स्वतः 2014 साली केली. त्या वर्षी मी लातूरहून बारावी झालो होतो आणि माझ्यासमोर दोन संस्था होत्या. एक महाराष्ट्रातली, केवळ डीजीसीएची मान्यता असलेली. दुसरी राज्याबाहेरची, डीजीसीएच्या मान्यतेबरोबर युरोपीय मान्यतेखालचा अभ्यासक्रमही चालवणारी. दोघींची नावे मी येथे घेत नाही, कारण इतक्या वर्षांत दोन्हीकडे बरेच बदलले असेल आणि मला त्या संस्थांपेक्षा त्यांच्या पद्धतींबद्दल लिहायचे आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे खरा फरक परीक्षा कोण घेतो यात आहे. आपल्याकडे परवान्याला लागणाऱ्या मॉड्यूलच्या, म्हणजे एकेका विषयाच्या, परीक्षा डीजीसीएची केंद्रीय परीक्षा यंत्रणा घेते. संस्था शिकवते, हजेरी ठेवते, आपल्या अंतर्गत परीक्षाही घेते. पण परवान्यासाठी मोजला जाणारा निकाल बाहेरून येतो. युरोपीय पद्धतीत मान्यताप्राप्त संस्थेलाच मॉड्यूलच्या परीक्षा घेण्याचा अधिकार आहे. बहुपर्यायी प्रश्नाला तीन पर्याय, एका प्रश्नाला सरासरी 75 सेकंद आणि उत्तीर्ण होण्यासाठी 75 टक्के गुण लागतात. चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. नापास झाल्यास तेच मॉड्यूल 90 दिवसांनी पुन्हा देता येते; संस्थेने त्या विषयाची नव्याने शिकवणी घेतली तर मात्र 30 दिवस पुरतात.

केंद्रीय परीक्षेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि मराठवाड्यातल्या मुलाने ते अगोदर लक्षात घ्यावे. शुल्क घेणारी संस्थाच परीक्षा घेणार असेल, तर तिच्या निकालावर किती विश्वास ठेवावा, अशी शंका माझ्या मनात तेव्हा आली होती आणि आजही ती पूर्णपणे गेलेली नाही. डीजीसीएच्या परीक्षेत परभणीच्या मुलाची आणि दिल्लीच्या मुलाची उत्तरे एकाच मापाने तपासली जातात; ओळखपाळख, इंग्रजीची सफाई किंवा शिक्षकाची मर्जी तेथे उपयोगी पडत नाही. शिवाय लातूर पॅटर्नमध्ये तयार झालेल्या मुलाला अशी परीक्षा मानवते. प्रश्नसंच सोडवणे, चुका वहीत उतरवून ठेवणे आणि तीच प्रकरणे पुन्हा काढणे ही सवय आम्हाला दोन वर्षे लावली गेली होती. त्या पॅटर्नने मला जे दिले त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु त्यामुळेच मला एक गोष्ट ठाऊक होती: कागदावरची तयारी मी कोठेही करू शकलो असतो, मला संस्थेकडून हवे होते ते हाताचे शिक्षण.

पहिल्या संस्थेत मी वडिलांबरोबर गेलो होतो. परभणीला त्यांचे मोटार भरण्याचे दुकान आहे. पाणबुडी पंपाची कॉइल त्यांनी आयुष्यभर भरली आहे. माहितीपुस्तिका, वर्ग, ग्रंथालय हे सगळे त्यांनी शांतपणे पाहिले आणि मग दाखवायला आलेल्या सरांना विचारले, “पोरं मशिनीला हात कवा लावतात?” सर आम्हाला कार्यशाळेत घेऊन गेले. तेथे एका पिस्टन इंजिनाभोवती तीसेक मुले उभी होती. पुढची पाच-सहा मुले शिक्षकांचे हात पाहत होती आणि मागची मोबाइलवर फोटो काढत होती. त्या दिवशी कोणी शिक्षक रजेवर असतील, म्हणून दोन तुकड्या एकत्र बसवल्या असतील, अशी समजूत मी करून घेतली. एका दिवसावरून संस्थेबद्दल मत बनवू नये, हे मला आजही मान्य आहे.

पण संध्याकाळी वसतिगृह पाहायला गेलो, तेव्हा दुसऱ्या वर्षाची मुले खोलीत बसून प्रात्यक्षिकाचे लॉगबुक भरत होती. पूर्ण सत्राचे लॉगबुक एकाच बैठकीत, एकाच पेनाने भरले जात होते. कामाचे नाव, तारीख, लागलेले तास एक मुलगा वाचून दाखवत होता आणि बाकीचे उतरवून घेत होते. पर्यवेक्षकाची सही नंतर एकगठ्ठा होते, असे त्यांनी आम्हाला कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले. मी विचारले की यातली किती कामे प्रत्यक्ष केली; एकाने प्रामाणिकपणे उत्तर दिले की पाहिली सगळी आहेत. मला ती मुले वाईट वाटली नाहीत. परवान्याचा निकाल बाहेरच्या लेखी परीक्षेवर ठरणार असेल, तर संस्थेचा आणि मुलांचा सगळा दिवस प्रश्नसंचाभोवती फिरू लागतो आणि लॉगबुक हे एक भरून टाकायचे पुस्तक उरते. परतीच्या गाडीत वडील एवढेच म्हणाले की दुकानात असे केले तर मोटार दुसऱ्या दिवशी जळून परत येते.

माझा निर्णय त्या लॉगबुकने केला. बाकीच्या गोष्टी मी नंतर त्याभोवती मांडल्या.

दुसऱ्या संस्थेत कामाची नोंद त्याच दिवशी व्हायची आणि काम ज्याने तपासले त्या मूल्यमापकाचीच सही चालायची. तेथील पहिल्या महिन्यातला लॉकवायरचा, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायच्या तारेचा, धडा मला अजून आठवतो. 0.032 इंच जाडीच्या तारेला इंचाला सहा ते आठ पीळ बसले पाहिजेत आणि तारेचा ओढ बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेनेच असला पाहिजे. वाचायला हे एक वाक्य आहे आणि परीक्षेत त्यावर फार तर एक प्रश्न येतो. माझी तार मूल्यमापकांनी तीन वेळा कापून टाकली: पहिल्यांदा पीळ सैल होता म्हणून, दुसऱ्यांदा तारेवर पक्कडीचे ओरखडे उठले म्हणून आणि तिसऱ्यांदा ओढ उलट्या दिशेला होता म्हणून. चौथ्या वेळी सही मिळाली आणि तीच तारीख लॉगबुकात लागली. आज रात्रपाळीत विजेरी तोंडात धरून मी तीच गाठ बांधतो, तेव्हा बोटे मला विचारत नाहीत. दोन्ही पद्धतींत हाताची तयारी किती होते याचे कोणतेही मोजमाप माझ्याकडे नाही. एवढाच अनुभव आहे आणि तो एका माणसाचा आहे.

या निवडीची किंमतही सांगायला हवी. मला शुल्क पहिल्या संस्थेच्या दीडपटीच्या आसपास पडले आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते नोकरी लागल्यावरही काही वर्षे चालले. भारतात काम करायचे असल्याने डीजीसीएचा परवाना मला लागणारच होता, त्यामुळे माझ्या वेळी एकाच विषयाचे पेपर दोन यंत्रणांसाठी दोनदा द्यावे लागले. गॅस टर्बाइन इंजिनाचे मॉड्यूल 15 मी दोन्हीकडे दिले आणि ते दोन महिने फार कठीण गेले. अनुभवाची अट मात्र दोन्हीकडे सारखी आहे: मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केला तर बी-1.1साठी चालू विमानांवरचा 2 वर्षांचा अनुभव आणि कोणतेही संबंधित तांत्रिक शिक्षण नसेल तर 5 वर्षांचा. ज्या घरात कर्ज काढणे शक्यच नाही, त्या घरातल्या मुलाला मी दुसऱ्या संस्थेचा आग्रह करणार नाही. माझ्या शेजारच्या पाळीत केवळ कार-147च्या संस्थेतून आलेला एक सहकारी आहे आणि शीटमेटलच्या कामात त्याचा हात माझ्यापेक्षा निश्चितच चांगला आहे. म्हणजे तशी शिकवणारी संस्था त्या मान्यतेतही असू शकते.

अमेरिकेने या बाबतीत तिसरी वाट धरली आहे. तेथील पार्ट-147मध्ये विमानाचा सांगाडा आणि इंजिन अशा दोन्ही रेटिंगसाठी मिळून किमान 1900 तासांची अट होती; सप्टेंबर 2022पासून ती काढून टाकली गेली आणि तासांच्या जागी मेकॅनिकने काय जाणले व करून दाखवले पाहिजे याचे मानक आले. परीक्षा लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक अशी तिन्ही प्रकारची असते, आणि शाळेच्या विद्यार्थ्यांचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण 70 टक्क्यांच्या खाली जाऊ नये, असे बंधन शाळेवर आहे. बाहेरचा परीक्षक आणि शाळेची जबाबदारी या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र बांधल्या आहेत, हे मला फार पटते. आपल्याकडे तोंडी-प्रात्यक्षिकाला तेवढे वजन आले, तर माझे मत कदाचित केंद्रीय परीक्षेच्या बाजूला झुकेल.

तूर्त माझा कल युरोपीय मान्यता सोबत असलेल्या संस्थेकडे आहे, हे दाजींना मी सांगितले; परंतु मान्यतेचा कागद पाहून थांबू नका, असेही सांगितले. मान्यतापत्राबरोबर कोणत्या श्रेणींना मान्यता आहे याचे परिशिष्ट असते, त्यात बी-1.1 आहे का ते आधी वाचावे, कारण एका श्रेणीची मान्यता दुसरीला चालत नाही. नंतर प्रवेशाच्या दिवशी न जाता सत्राच्या मधल्या एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास जावे, कार्यशाळेत एका शिक्षकामागे किती मुले आहेत ती मोजावीत आणि दुसऱ्या वर्षातल्या कोणत्याही मुलाचे चालू महिन्याचे लॉगबुक पाहायला मागावे. नोंदी वेगवेगळ्या दिवशींच्या शाईने झालेल्या असतील, मध्ये एखादे काम नापास करून पुन्हा केलेले दिसत असेल, पानांना ग्रीसचे डाग असतील, तर ती संस्था केवळ डीजीसीएची असली तरी भाच्याला तेथे खुशाल घालावे. दाजी पुढच्या आठवड्यात सेलूहून निघणार आहेत आणि माझ्या वडिलांना सोबत नेणार आहेत.