टायगरव्हीएनसी: दिसायला साधं, आतून पक्कं

रिमोट डेस्कटॉपला (म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरची स्क्रीन इथून बघायला-चालवायला) टायगरव्हीएनसी वापरतोय, दिसायला अगदीच जुनाट पण काम भारी करतं राव. त्यामागचा आरएफबी प्रोटोकॉल (स्क्रीन पलीकडे पाठवायचे नियम) नव्वदच्या दशकातला, तरी नवीन फीचर टाकलं म्हणून जुने सर्व्हर (ज्याची स्क्रीन दिसते ती बाजू) बोंबलत नाहीत, कारण क्लायंट (बघणारी बाजू) सुरुवातीलाच आपल्याला कुठली एन्कोडिंग्ज (चित्र पाठवायच्या पद्धती) कळतात त्याची यादी पाठवतो आणि सर्व्हरला जे ओळखू येत नाही ते तो गपचूप सोडून देतो, काहीच जुळलं नाही तर रॉ (चित्र जसंच्या तसं पाठवणं) आहेच. विंडो ओढली की पलीकडचा डेस्कटॉप पण तेवढा होतो ना, ती सोयसुद्धा याच यादीत एक नावापुरतं एन्कोडिंग घुसवून केलीय, जुगाडच म्हणा! पण जुना व्हीएनसी पासवर्ड ८ अक्षरांपुढचं बघतच नाही, त्यामुळे टीएलएस (कनेक्शन एन्क्रिप्ट करायची सोय) चालू करा नाहीतर सरळ एसएसएचमधून (दुसऱ्या मशीनशी एन्क्रिप्टेड कनेक्शन) जा. फाइल ट्रान्सफर नाहीये.