तासावर, ठोक की महिन्याला?

नोकरी सोडून स्वतःची सॉफ्टवेअरची कामं घ्यायची म्हटली की बहुतेक जण दर ठरवायला महिन्याच्या पगाराला १६० तासांनी भागतात. ६४,००० पगार, म्हणजे तासाला ४००. तिथेच गणित चुकतं. गिऱ्हाईक शोधणं, कोटेशन, अडकलेल्या पैशांसाठी फोन, याचं बिल कुणाला लावणार? महिन्याचे ८० तास बिलात बसले तरी खूप. म्हणजे दर झाला ८००, आणि पीएफ, विमा, आजारपण अजून धरलेलंच नाही.

ठोक रक्कम दुकानदाराला आवडते, आकडा आधी कळतो. एका कृषी सेवा केंद्राचं बिलिंगचं सॉफ्टवेअर मी ८० तास धरून ४०,०००ला घेतलं. मग रात्री पावणेअकराला व्हॉट्सॲप: ‘सर, बिलावर लोगो जरा मोठा करा ना. आणि उधारी गावाप्रमाणे दिसली तर बरं.’ लोगो दहा मिनिटांचा. उधारी उघडली तर एकच गाव वडगाव, वडगांव, वडगाव बु. असं जमेल तसं लिहिलेलं. ते निस्तरता निस्तरता, आणि असंच आणखी ‘जरा’ करता करता, १९० तास गेले. तासाला पडले २१० रुपये. चूक माझीच, कामात काय येत नाही, हे कोटेशनमध्ये लिहिलंच नव्हतं.

तासाचा दर परदेशी ग्राहकाला चालतो, तो तासांचा तक्ता मागतो आणि पैसे देतो. इथल्या दुकानदाराला मात्र रिक्षात बसल्यासारखं होतं, सगळं लक्ष मीटरवर. शिवाय हात बसलेला माणूस काम निम्म्या वेळात उरकतो आणि निम्मेच पैसे घेतो, हे मला कधी पटलं नाही.

महिन्याची देखभाल, म्हणजे आपली एएमसी, रक्कम लहान पण घरभाडं निघतं. तास बांधून घ्या, नाहीतर अर्ध्या पगाराची नोकरीच ती.

मी आता आधी दोनदा केलेलं कामच ठोक घेतो. नवीन असेल तर पहिला आठवडा तासावर, त्यात जुना डेटा बघून मगच पुढचा आकडा. एएमसी त्याच कोटेशनमध्ये, नंतर मागायला गेलं की ‘एवढंसं तर आहे’ ऐकावं लागतं.

आणि उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर जाऊन जीएसटी नोंदणी झाली असेल, तर ‘जीएसटी वेगळा’ हे आधीच बोला. ‘सगळं धरून ५०,०००’ कबूल केलेत की १८ टक्क्यांचा कर काढून तुमचे उरतात ४२,३७३.