मिनॉक्सिडिल दोन महिने बंद ठेवलं, फटका तिसऱ्या महिन्यात बसला

भोवऱ्याजवळची टाळू फोटोत दिसायला लागली तेव्हा ५ टक्के मिनॉक्सिडिलचं, म्हणजे टाळूवर लावायच्या केस वाढवणाऱ्या औषधाचं, लोशन सुरू केलं. सकाळी १ मिली, रात्री १ मिली, ड्रॉपरने थेट टाळूवर. असे १४ महिने गेले. सहा महिने उलटल्यावर "मागे जरा भरलंय" असं न्हावी आपणहून म्हणाला, म्हणजे तो नुसता माझ्या मनाचा खेळ नव्हता.

मग खाज सुटली. लोशनमधलं प्रॉपिलीन ग्लायकॉल काहींच्या त्वचेला सोसत नाही, त्यातला मी एक. टाळू लाल, वर कोंड्यासारखे पापुद्रे. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे थांबा, त्वचा शांत झाली की याच औषधाचा फोम सुरू करा, त्यात हा पदार्थ नाही. त्या दोन आठवड्यांचे दोन महिने मी केले. कारण साधं होतं: खाज गेली, डोकं तेलकट राहीना आणि केस होते तिथेच होते. उशीवर एकही जास्तीचा केस नाही. वाटलं, आता औषधाची गरजच उरली नसावी.

इथेच फसायला होतं. हे औषध केसाला वाढीच्या अवस्थेत धरून ठेवतं. ते बंद केलं की केस विश्रांतीच्या अवस्थेत जातो, पण लगेच पडत नाही. साधारण तीन महिने मुळाशी तसाच बसून राहतो. आरशात सगळं ठीक दिसत असतं तेव्हा आत निघायची तयारी झालेली असते.

नवव्या आठवड्यात फोम सुरू केला आणि अकराव्यात गळती लागली. दिवसाला ५० ते १०० केस जाणं सगळ्यांचंच असतं, पण मी एका अंघोळीत १४० मोजले आणि मोजणं सोडून दिलं. (मोजू नका. त्याने केस थांबत नाहीत, झोप मात्र जाते.) सगळा राग फोमवर काढला. तोही बंद करणार होतो, तेवढ्यात डॉक्टरांनी अडवलं. त्यांच्या मते दोन गोष्टी एकात एक मिसळल्या होत्या: मागच्या खंडाची थकबाकी आणि औषध नव्याने सुरू केल्यावर होणारी गळती. ही दुसरी गळती म्हणजे जुने, विश्रांतीतले केस बाहेर पडून नव्यांना जागा होणं. आत्ता पुन्हा थांबलात तर पहिल्यापासून सुरुवात, असं बजावलं.

सहा आठवडे वाईट गेले. विंचरायची भीती वाटायची. तिसऱ्या महिन्यात बोटांना बारीक लव लागायला लागली, पाचव्यात ती काळी आणि जाड झाली. आज फोम सुरू करून सात महिने झालेत. त्याच दिव्याखाली, त्याच कोनातून काढलेले फोटो शेजारी ठेवले तर भोवरा खंडाआधी होता तसाच आहे. कानशिलांवरचा भाग मात्र थोडा मागे सरकलाय. तो खंडामुळे सरकला असं म्हणवत नाही. टक्कल पाडणाऱ्या डीएचटी या हार्मोनला मिनॉक्सिडिल अडवत नाही, त्यामुळे मूळ गळती आतून चालूच असते. बंद केल्यावर औषधाने राखलेलं तेवढंच जातं, पण ते थोड्या दिवसांत एकदम जातं म्हणून आधीपेक्षा वाईट झाल्यासारखं दिसतं.

एखादा दिवस चुकला तर काही होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट लावूनही काही मिळत नाही. फोम गरम बोटांवर विरघळतो, म्हणून हात आधी गार पाण्याने धुऊन पुसतो. हे मुळात रक्तदाबाच्या गोळीचं औषध. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले म्हणून टाळूवर लावायचं रूप निघालं. तेव्हा धडधड किंवा पायांना सूज वाटली तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आणि घरात मांजर असेल तर जपा, हे औषध तिला विषारी आहे. आमची मांजर माझ्या उशीवर झोपायची. आता खोलीचं दार लावून घेतो आणि ती बाहेरून ओरडत बसते.