रद्दीत जाता जाता वाचलेला लॅपटॉप: लिनक्स मिंट एक्सएफसीई

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीची मी गेली नऊ वर्षं सेक्रेटरी आहे. दुसरं कोणी तयार होत नाही, एवढीच माझी पात्रता. मेंटेनन्सची बिलं, मिटिंगचे मिनिट्स, थकबाकीच्या नोटिसा, सगळं २०१३ साली घेतलेल्या लॅपटॉपवर. थर्ड जनरेशनचा आय३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्डडिस्क. तो चालू करायचा, कुकर लावायचा आणि तीन शिट्ट्यांत डेस्कटॉप दिसला तर नशीब.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आमच्याकडे दोन्हीच्या नावाने शंख. स्टेशनजवळच्या एका दुकानात नेला. तिथला मुलगा म्हणाला, "काकू, रद्दीत द्या आता. नाहीतर चेकिंग बायपास करून ११ टाकून देतो, बाराशे होतील." असं टाकलेल्या ११ ला पुढे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, हे मात्र त्याने सांगितलं नाही. ते मला भाच्याकडून कळलं. लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम, सुचवली तीही त्यानेच.

आधी फिरत्या डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवली. खरं सांगायचं तर अर्धं श्रेय तिचं; जुन्या डिस्कवर मिंट टाकून चमत्काराची वाट बघू नका. मिंटच्या तीन आवृत्त्यांपैकी एक्सएफसीई सगळ्यात हलकी, म्हणून तीच घेतली. मी घेतलेल्या मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे आमच्या रीडेव्हलपमेंटपर्यंत बहुधा पुरतील. मला सगळ्यात आवडलं ते हे, की डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच आख्खी सिस्टीम चालवून बघता येते. दोन दिवस तशीच चालवली, मग 'इन्स्टॉल' दाबलं.

वायफाय पहिल्यांदा दिसेचना. मोबाइल केबलने जोडून त्याचं इंटरनेट घेतलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्याने कार्डाचा ड्रायव्हर स्वतःच शोधून टाकला. रीस्टार्ट, झालं. आता चालू केल्यावर गॅस पेटवेपर्यंत लॅपटॉप तयार असतो.

तक्रारी आहेत. बिलांच्या एक्सेल शीटमधले मॅक्रो (आपोआप काम करणारे छोटे प्रोग्रॅम) लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे मिंटबरोबर येणाऱ्या ऑफिसमध्ये, चालले नाहीत. दोन संध्याकाळी बसून साध्या फॉर्म्युल्यांवर आणले. ब्राउझरमध्ये सात-आठ टॅब उघडले की ४ जीबी रॅम धापा टाकते. बॅटरी जेमतेम वीस मिनिटं टिकते, पण त्याला मिंट तरी काय करणार?

मराठीची मला धाकधूक होती. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्येच सापडला, टायपिंग सुरळीत. पण जुन्या नोटिसा उघडल्या आणि पोटात गोळा आला: डॉलर, टिंबं आणि डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं! त्या युनिकोडच्या (मराठी अक्षरांना स्वतःचे कोड देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. तसल्या फॉन्टमध्ये आत इंग्रजीचेच कोड असतात, फक्त चेहरा मराठी. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. जुनी डिस्क यूएसबीच्या डबीत घालून जोडली, तिच्यातली फॉन्टची फाइल इकडे आणून टाकली, लिब्रेऑफिस बंद करून पुन्हा उघडलं. २०१४ च्या एजीएमचे मिनिट्स काना-मात्रेसकट समोर. विषय क्रमांक ३: गच्चीची गळती. यंदाच्या अजेंड्यावरही तोच आहे, म्हणून निदान मजकूर कॉपी करता येईल असं वाटलं होतं. पण युनिकोड फॉन्टमध्ये नेलं की पुन्हा टोप्याच, तेव्हा नव्याने टाइप करतेय.